खाटेजवळचा शेरा

सरकारी कचेरीत ज्याच्या आयुष्याची दहा वर्षे गेली त्याला 'शेरा' ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. टिपणाच्या समासात उमटलेल्या दीड ओळीने एखाद्याची बढती अडते, एखाद्याची बदली ठरते, आणि एखादा उमेदीचा तरुण त्या दिवसापासून मान खाली घालून केवळ घड्याळाकडे पाहू लागतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बहुतेक फायली आता कागदावरून पडद्यावर गेल्या, शाई गेली. शेरा मात्र आपल्या जागी आहे. ह्या शेऱ्याचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एक प्रकरण हातावेगळे करण्यासाठी लिहिलेला. दुसरा हाताखालच्या माणसाला तेच काम पुढच्या खेपेस अधिक चांगले करता यावे म्हणून लिहिलेला. पहिल्यास क्षणभर पुरतो. दुसऱ्यासाठी ते काम आधी स्वतः पाहावे लागते, आणि म्हणूनच तो दुर्मिळ असतो.

कचेरीत ह्या भेदाची किंमत बहुधा एखाद्या वेतनवाढीत मोजता येते. परंतु रुग्णालयात शिकाऊ डॉक्टराच्या हातून घडलेली चूक त्याच्या नावावर चढण्यापूर्वी रोग्याच्या शरीरावर चढलेली असते. म्हणून तेथील वरिष्ठाने कनिष्ठास 'हे चुकले, असे करा' हे कसे सांगावे, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. आम्ही वैद्य नव्हे, कारकून आहोत. तरीही ह्या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले गेले, ह्याचे एक कारण असे की रोग्याच्या खाटेशी बसून त्याची हकीकत टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी वैद्यकपरंपरेत शतकानुशतके 'क्लार्क' असेच म्हणत आले आहेत. ह्या आमच्या दूरच्या भाऊबंदांना त्यांच्या वरिष्ठांनी कसे शिकविले, आणि शिकविणारे स्वतः काय शिकले, ह्याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करणे उचित होईल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायास 'योग्यासूत्रीय' असे नाव आहे. योग्या म्हणजे सराव. सर्व शास्त्रे मुखोद्गत असलेला शिष्यदेखील सरावावाचून कर्मास अपात्रच होय, असा ह्या अध्यायाचा रोख आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. भेदनाचा सराव पाण्याने अगर चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर करावा. खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, शिरावेधाचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा. आणि पट्ट्या बांधण्यासाठी मनुष्याकृती पुतळा घ्यावा, असे तेथे तपशीलवार सांगितले आहे. ह्या यादीतील शहाणपण असे की तीत चुकीला जागा ठेवली आहे. भोपळ्यावर वाकडा गेलेला छेद गुरूला दाखविता येतो, त्यावर बोलता येते, आणि दुसरा भोपळा घेता येतो. विद्यार्थ्याने चुकणे आणि रोग्याने ती चूक सोसणे ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घेतल्याखेरीज शिक्षण निर्धास्त होत नाही, हे त्या आचार्यांनी ओळखले होते.

दुसरे सूत्र चरकसंहितेत सापडते. तिच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी चर्चा करावी असे सांगून चर्चेचे दोन प्रकार केले आहेत. संधायसंभाषा म्हणजे सलोख्याने केलेली चर्चा, व विगृह्यसंभाषा म्हणजे प्रतिपक्षावर मात करण्यासाठी केलेली. सलोख्याच्या चर्चेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, आपला पराभव होईल ह्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, आणि दुसऱ्याला निरुत्तर केल्याचा आनंद मानून चारचौघांत त्याची बढाई मारू नये, असा तेथील उपदेश आहे. हे नियम गुरुशिष्यांपुरते घातलेले नाहीत. ते वैद्या-वैद्यांमधील संवादाचे आहेत. तथापि शिकाऊ वैद्याच्या कामावर दिलेला शेरा कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी ह्यापेक्षा सोयीचे दोन शब्द आम्हांस अन्यत्र आढळले नाहीत. पुढील तीनशे-साडेतीनशे वर्षांची हकीकत म्हणजे विगृह्याकडून संधायाकडे, अनेकदा मागे घसरत, केलेला प्रवास आहे असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात पुस्तकावरून शिकविण्याची प्रथा सोडून विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी नेण्याचा प्रघात सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे पडला, आणि सतराव्या शतकात हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने तो उचलला. 'क्लिनिक' हा शब्दच मुळी खाट ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. लायडन येथे १६५८ ते १६७२ ह्या काळात फ्रान्सिस्कस सिल्व्हियस हा प्राध्यापक होता. त्याच्या मृत्यूनंतर एका सहकाऱ्याने केलेल्या गौरवपर भाषणात त्याच्या अध्यापनपद्धतीचे वर्णन आले आहे. रोग्यापाशी येताच सिल्व्हियस आपल्याला ह्या दुखण्यातले काहीच ठाऊक नाही अशा आविर्भावाने उभा राही. मग एकाला हे विचार, दुसऱ्याला ते विचार, असे करीत तो विद्यार्थ्यांच्या तोंडून एकेक लक्षण बाहेर काढी. शेवटी त्या साऱ्यांची अशी जुळणी करी की निदान गुरूने सांगितले नसून आपणच ते केले असे विद्यार्थ्यांस वाटे. प्रश्न विचारणे ही परीक्षकाची तलवार असू शकते, तसाच तो चालणाऱ्याला दिलेला हातही असू शकतो. सिल्व्हियसने त्याचा हात केला.

त्याच लायडनमध्ये पुढे हेर्मान बूरहाव्ह (१६६८–१७३८) ह्याने सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या अशा अवघ्या बारा खाटांवर शिकवून युरोपभर शिष्य पसरविले. त्यांपैकी जॉन रदरफर्ड ह्याने १७४८ साली एडिंबरोच्या रुग्णालयात खाटेजवळची व्याख्याने सुरू केली. तेथे विद्यार्थी-क्लार्क रोग्याची हकीकत लिहून ठेवी, प्राध्यापक ती सर्वांसमक्ष तपासी, आणि जेथे उणीव असेल तेथे ती दाखवून देई. आपल्या टिपणावर साहेबाने पेन्सिल फिरवावी तसाच हा प्रकार. एक फरक मात्र महत्त्वाचा. टिपणाचा विषय, म्हणजे रोगी, तेथेच समोर पडलेला असे. विद्यार्थ्याने 'नाडी मंद' असे लिहिले असेल तर गुरूला त्याच क्षणी मनगट हाती घेऊन पाहता येई, आणि विद्यार्थ्यालाही ते पुन्हा पाहावयास लावता येई. शेऱ्याला जागच्या जागी पुरावा मिळण्याची ही सोय कोणत्याही कचेरीला हेवा वाटावा अशी होती.

ही परंपरा मराठी मुलखात आली ती एडिंबरोहूनच. चार्ल्स मोरहेड हा डॉक्टर एडिंबरोस शिकला, पॅरिस येथे पिएर लुई ह्याच्या हाताखाली त्याने रोग्यांच्या काटेकोर नोंदी ठेवण्याची शिस्त घेतली, आणि १८२९ साली तो मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला. १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा त्याचा पहिला प्रिन्सिपॉल म्हणून मोरहेडची नेमणूक झाली. शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात तो पहिला फिजिशियन होता, व तेथे खाटेपाशी उभे राहून शिकविण्याचा त्याने परिपाठ घातला. ह्या कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. मोरहेडने १८५६ साली 'हिंदुस्थानातील रोगांविषयी क्लिनिकल संशोधन' ह्या आशयाचा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मुंबईच्या वॉर्डांतील अनुभवावर उभा आहे. भाऊ दाजींना आपण पुराणवस्तुसंशोधक म्हणून अधिक ओळखतो. शिलालेख वाचताना अक्षर स्वतः पाहिल्यावाचून पाठ स्वीकारावयाचा नाही, हा त्यांचा बाणा रुग्णालयात रुजला असेल काय, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु तो तर्कच म्हणून सोडून देणे बरे.

मोरहेड मुंबईत शिकवीत होता त्याच सुमारास व्हिएन्नात एक असा प्रकार घडला की ज्यात शेरा सोळा आणे खरा होता, परंतु तो ज्यांना दिला त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तेथील सरकारी प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांत ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४, दुसऱ्या विभागात हेच प्रमाण शेकडा २.८ होते. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण सहायक ह्या कोड्याने पछाडला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीचा ओरखडा लागून वारला, आणि त्याच्या शरीरातील विकृती बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांतील विकृतीसारखीच निघाली. विद्यार्थी विच्छेदनगृहातून सरळ प्रसूतिगृहात येत होते. तेच आपल्या हातांवरून मृत्यू वाहून आणीत होते. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.२७ वर आले.

एवढा बोलका पुरावा हाती असता जग त्याच्यामागे यावयास हवे होते. ते आले नाही. त्याची कारणे अनेक आहेत. जंतूंचा सिद्धान्त अजून प्रस्थापित व्हावयाचा होता, वरिष्ठांशी त्याचे पटत नव्हते, आणि स्वतः सेमेलवाइसने आपला सविस्तर ग्रंथ १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. परंतु आमच्या विषयाशी ज्याचा संबंध येतो ते कारण त्याच्या १८६१–६२ मधील खुल्या पत्रांत दिसते. युरोपातील नामवंत प्रसूतितज्ज्ञांना उद्देशून लिहिलेल्या ह्या पत्रांत त्याने त्यांना जाहीरपणे हत्यारे ठरविले. हजारो स्त्रियांचे मरण पाहिलेल्या माणसाचा तो संताप होता, आणि त्या संतापाला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. तरीही परिणाम पाहावा. ज्याला हत्यारा म्हटले तो आपल्या हातांकडे पाहीनासा झाला. तो आपल्या अब्रूकडे पाहू लागला. अब्रूचा बचाव करणाऱ्याला पुराव्यातील छिद्रे तेवढी दिसतात. विगृह्यसंभाषेत खरे बोलणाराही हरू शकतो, आणि त्याच्या हरण्याची किंमत चर्चेत नसलेल्या तिसऱ्याच कोणी मोजायची असते. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला.

ह्याच्या अगदी उलट स्वभावाचा शिक्षक म्हणजे विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९). कॅनडात जन्मलेला हा वैद्य १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी नव्याने उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य फिजिशियन म्हणून आला. १८९३ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर त्याने इंग्लंड-स्कॉटलंडमधील 'क्लार्क' अमेरिकेत रुजविला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे ठरावीक खाटा सोपवावयाच्या, त्या रोग्यांची हकीकत, तपासणी, रोजची नोंद त्याने करावयाची, आणि राउंडच्या वेळी ती सर्वांसमोर मांडावयाची. विद्यार्थ्यांना वॉर्डांत शिकविणारा एवढीच ओळख आपल्या थडग्यावर कोरली तरी पुरे, असे ऑस्लर म्हणे. ऑस्लर विद्यार्थ्यांच्या चुका खपवून घेत नसे, परंतु त्या तो अशा रीतीने दाखवी की चूक करणारा त्याच्याकडे पुन्हा यावा. आठवड्यातून एका संध्याकाळी आपल्या क्लार्कांना घरी बोलावून त्यांच्याशी रोग्यांविषयी व जुन्या ग्रंथांविषयी गप्पा मारण्याची त्याची रीत होती. राउंडवर ऐकलेला कठोर शब्द आणि त्याच माणसाच्या टेबलाशी घेतलेला घास ह्या दोहोंचा मेळ बसला म्हणजे त्या शब्दातील विष जाते व औषध उरते.

परंतु ऑस्लरसारखी माणसे पद्धतीत बांधून ठेवता येत नाहीत. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर ह्याने अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून आपला प्रसिद्ध अहवाल दिला आणि रुग्णालयातील शिक्षण सर्वत्र आवश्यक मानले जाऊ लागले. खाटा वाढल्या, विद्यार्थी वाढले, राउंडचा ताफा लांबला. मात्र विद्यार्थी रोग्याला तपासताना शेजारी उभे राहून पाहणारा गुरू हळूहळू नाहीसा झाला. उरली ती राउंडवरची उलटतपासणी आणि सत्राच्या शेवटी भरावयाचा तक्ता. १९८३ साली जॅक एंड ह्या अमेरिकन वैद्याने एका लेखात ह्या स्थितीवर नेमके बोट ठेवले. त्याने शब्द उसना आणला तो यंत्रशास्त्रातून. विद्युत् अभियंत्यांचा 'फीडबॅक' हा शब्द नॉर्बर्ट वीनरच्या १९४८ च्या 'सायबरनेटिक्स' ह्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाला होता; मराठी शिक्षणशास्त्रात त्यास प्रत्याभरण म्हणतात. अग्निबाण निशाणापासून किती ढळला हे त्याला वाटेतच कळावे लागते. कोसळल्यानंतर कळून उपयोग नाही. एंडचे म्हणणे असे की परीक्षा म्हणजे निवाडा आणि प्रत्याभरण म्हणजे वाटेत दिलेली खबर. आपण पहिल्यालाच दुसरे समजत आलो आहोत.

त्याच लेखात त्याने एका विलक्षण प्रकाराचे वर्णन केले आहे. वरिष्ठाला कटू बोलण्याचा संकोच, म्हणून तो आडून आडून बोलतो. कनिष्ठाला कटू ऐकण्याची धास्ती, म्हणून तो विषय टाळण्यास मदत करतो. दोघेही हसतमुखाने निरोप घेतात आणि सांगावयाचे ते हवेत विरते. आमच्या वाचकांना हा प्रसंग रुग्णालयात जाऊन पाहण्याची गरज नाही. ह्यावर एंडने सुचविलेले उपाय साधे आहेत. दोघांचे उद्दिष्ट एक आहे हे आधी ठरवावे. जे स्वतः पाहिले तेवढ्यावरच बोलावे. वेळेवर बोलावे. एका बैठकीत थोडेच सांगावे, आणि तेही सुधारता येईल असेच. हेतूवर न बोलता कृतीवर बोलावे. निवाड्याचे शब्द टाळून वर्णनाचे शब्द वापरावेत.

ह्यातील शेवटच्या दोन नियमांचा फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. धाप लागणारा एक वृद्ध रोगी आहे आणि इंटर्नने त्याची हकीकत घेतली आहे. वरिष्ठ म्हणतो, "तुमचे लक्षच नसते. अशाने डॉक्टर व्हाल कसे?" ह्या वाक्यात रोगी कोठेही नाही, इंटर्नला त्यातून काय करावे हे कळत नाही, फक्त आपण कोण आहोत ह्याची शंका येते. दुसरा वरिष्ठ म्हणतो, "आपण धाप केव्हापासून हे विचारलेत, ते ठीक झाले. रात्री झोपताना उशाला किती उशा लागतात, हे विचारले नाहीत. आडवे होताच धाप वाढत असेल तर हृदयाकडे पाहावे लागते. चला, दोघे मिळून विचारू." ह्यात उणीव तितकीच स्पष्टपणे सांगितली आहे, किंबहुना अधिक, परंतु दोघांची तोंडे एकाच दिशेला, खाटेकडे, वळली आहेत. चरकाला अभिप्रेत असलेला संधाय तो हाच.

हा फरक केवळ गोडव्याचा नाही, ह्यास आकड्यांचाही आधार आहे. १९९६ साली अव्राहम क्लूगर व अँजेलो डिनिसी ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या क्षेत्रांतील प्रत्याभरणाच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. ६०७ परिणाम आणि २३,६६३ निरीक्षणे त्यांनी जमेस धरली. सरासरीने कामगिरी सुधारली हे खरे, परंतु एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती घसरली. त्यांनी दिलेली उपपत्ती अशी की शेरा ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून उडून स्वतःवर जाते तेव्हा परिणाम ओसरतो. तेव्हा नुसती निंदाच नव्हे, तर 'तुम्ही हुशार आहात' ही स्तुतीदेखील निरुपयोगी ठरू शकते. त्याच वर्षी एमी एडमंडसन हिने रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी सापडतील अशी तिची अपेक्षा होती. नोंदींत मात्र त्या अधिक निघाल्या. तिने काढलेला अर्थ असा की त्या पथकांत चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या. जेथे शेऱ्याची दहशत तेथे नोंदवही स्वच्छ असते. चूक मात्र वॉर्डातच दडून बसते, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खाटेवर पुन्हा उगवते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो जुन्या पिढीच्या डॉक्टरांकडून आम्ही ऐकलाही आहे. ते म्हणतात, "आम्ही शिव्या खाऊनच घडलो. रोगी मरणाच्या दारात असता विद्यार्थ्याची मर्जी सांभाळावयाची काय?" ह्यातील अर्धा भाग निःसंशय खरा आहे. चुकीची मात्रा भरलेली सिरिंज रोग्याच्या दंडाशी पोहोचली असता मृदू भाषेची वाट पाहणे हा गुन्हा होय. तेथे हात धरावा, आणि चर्चा नंतर करावी. परंतु हात धरणे वेगळे व चारचौघांत नाक कापणे वेगळे. शिव्या खाऊन घडलेले आपल्यापुढे उभे असतात. शिव्यांमुळे विचारावयाचे सोडून दिलेले दिसत नाहीत, कारण ते गप्प असतात. रात्री दोन वाजता रोग्याचा रक्तदाब कोसळू लागतो आणि शिकाऊ डॉक्टर वरिष्ठाला उठवावे की नाही ह्या विवंचनेत अर्धा तास घालवितो. त्या अर्ध्या तासाचा उगम बहुधा आदल्या महिन्यातील एखाद्या शेऱ्यात असतो.

उलट बाजूचा धोकाही इतिहासाने दाखविला आहे. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड पेंडलटन व त्याच्या सहकाऱ्यांनी रोगी-डॉक्टर संभाषण शिकविण्यासाठी काही नियम घालून दिले. विद्यार्थ्याने प्रथम आपले काय चांगले झाले ते सांगावे, मग निरीक्षकांनी त्यात भर घालावी. त्यानंतर काय निराळे करता आले असते ते आधी विद्यार्थ्याने व मग इतरांनी सांगावे. सुरक्षिततेसाठी हा क्रम उत्तम होता. परंतु नियमाचा विधी झाला की त्यातील प्राण जातो. प्रारंभीची स्तुती ऐकताना विद्यार्थी पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागला, आणि स्तुतीला किंमत उरली नाही. पुढे १९९५ साली जॉन नॉर्सिनी व सहकाऱ्यांनी सुचविलेली पद्धत अधिक टिकाऊ ठरली. एकदाच दीर्घ परीक्षा घेण्याऐवजी वर्षातून अनेक वेळा, निरनिराळ्या शिक्षकांनी, पंधरा-वीस मिनिटे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रोगी तपासताना पाहावे आणि लगेच बोलावे. बारकाईने पाहिले तर ही एडिंबरोची खाट व क्लार्कच होय. हरवलेला गुरू तेवढा परत आणून उभा केला आहे.

आपल्या देशात हा विचार कायद्याच्या चौकटीत आला तो २०१९ साली. भारतीय वैद्यक परिषदेने त्या वर्षीपासून एम. बी. बी. एस. साठी क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम लागू केला. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतल्यावरही ती दिशा कायम राहिली. ह्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने लॉगबुक ठेवावयाचे असते. तिच्या नमुन्यातील रकाने पाहून कोणाही कारकुनास आपलेपणा वाटेल. कृती पहिल्यांदा केली की पुन्हा, अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकी की अधिक. पूर्ण झाली, पुन्हा करावी की उपाययोजना हवी. शिक्षकाची आद्याक्षरे व तारीख. आणि त्यापुढे प्रत्याभरण मिळाल्याचा रकाना व विद्यार्थ्याची आद्याक्षरे. शेरा देणाऱ्याइतकीच शेरा घेणाऱ्याचीही सही लागते, ही ह्या वहीतील नवी गोष्ट. सुश्रुताचा भोपळा, लायडनची बारा खाटांची खोली आणि बाल्टिमोरचे संध्याकाळचे टेबल ह्यांनी जे कमावले ते येथे एका रकान्यात उतरले आहे.

रकाना आणि त्यातील मजकूर ह्यांत अंतर असते, हे मात्र आम्हां फाईलवाल्यांना कोणी सांगावयास नको. एका शिक्षकामागे विद्यार्थ्यांचा घोळका असला, बाह्यरुग्ण विभागात रांग लागली असली, म्हणजे सत्राच्या शेवटी पन्नास वह्यांत पन्नास वेळा 'चांगले' असे लिहिले जाण्याचा धोका उघड आहे. हा शब्द निरुपद्रवी दिसतो, परंतु तसा नाही. सरकारी सेवेतील एक खटला ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. सीमा रस्ते विभागातील एका अभियंत्याला गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीसाठी 'फार चांगला' हवा होता. आणि तो शेरा त्याला कधी कळविण्यातच आला नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेरा वाईट असो, मध्यम असो वा चांगला असो, तो संबंधितास कळविलाच पाहिजे. त्याला अनुसरून २००९ पासून केंद्र सरकारी नोकरांचे वार्षिक अहवाल त्यांना पूर्णपणे दाखविले जाऊ लागले. ज्या शेऱ्यातून पुढच्या खेपेस काय करावे हे उमगत नाही, तो गोड असला तरी घेणाऱ्याचे नुकसानच करतो, हे त्या 'चांगला'ने सिद्ध केले.

अभियंत्याला न्यायालयात दाद मागता आली. वॉर्डातील रोग्याला ती सोय नसते; आपल्या उशाशी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टराला कालच्या चुकीबद्दल कोणी काय सांगितले, अथवा काहीच सांगितले नाही, हे त्याला कधी कळत नाही. तो फक्त त्याचे फळ भोगतो. म्हणून लॉगबुकातील त्या रकान्याशी पेन थांबले असता शिक्षकाने 'चांगले' हा शब्द क्षणभर बाजूस ठेवावा आणि आपण ह्या विद्यार्थ्याला खरोखर काय करताना पाहिले ते आठवावे. आठवत नसेल, तर रकाना तसाच कोरा ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर एका खाटेशी पंधरा मिनिटे उभे राहावे. वहीची पूर्तता एक दिवस लांबेल. त्याने बिघडणार नाही.